हेसलच्या शेतातली माती

द्रोन्तन गावातल्या बियाण्याच्या दुकानात आउक्या रांगेत उभी होती. तिचे वडील हेसल जाऊन महिना झाला होता. त्यांच्या गव्हाची मुळं यंदाही काळी पडली होती, म्हणून तिनं मोहरी सांगून ठेवली होती. पुढे एक म्हातारा आणि त्याची लेक बोलत होते.

“परत गहूच, बाबा? समुद्र हटवून काढलेली जमीन ही. रोग येणारच.”

“मग जुन्या गावची माती आणून कशाला पसरली मी?”

“शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हसावं म्हणून!”

“हसू देत. त्या मातीतले जिवाणू मुळांना चिकटून बसतात, बुरशीला शिरू देत नाहीत.”

“मग मुळं का कुजली?”

“गेल्या वर्षीपेक्षा कमी कुजली ना? ते जिवाणू गव्हाच्या मुळांवरच जगतात, यिक्के. आत्ता पीक बदललं, तर उपाशी मरतील.”

“हट्टी आहात.”

“मी एकटा नाही. त्या मातीची अर्धी ट्रॉली हेसलनं नेली होती. तो असता, तर आज माझ्या आधी रांगेत असता.”

ते दोघे गव्हाची पोती उचलायला बाजूला झाले.

“या बाई, तुमची मोहरी बांधून ठेवलीय,” दुकानदार आउक्याला म्हणाला.

“सोडा ती,” आउक्या म्हणाली. “गहू द्या. हेसलच्या शेतात पेरायचाय.”