सातला निघतं, नऊला उतरतं

त्या दिवशी ऊन असं चढलं होतं, तुम्हाला सांगतो, की रस्त्याचं डांबर चपलेला धरून म्हणत होतं, बसा जरा, कुठे निघालात... आणि मी निघालो होतो कुठे, तर विमानाच्या तिकिटांच्या दुकानात! सगळा जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला, माझं चाक जमीन सोडून वर गेलं असेल तर ते पंक्चर काढताना. पण लेक परदेशात, चार वर्षं फोनवर मागे लागलेली, बाबा या ना, निदान चौकशी तरी करून या. आणि मी आपला दर वेळी, गुडघा दुखतो, दुकान कोण बघणार, तूच ये की.

तर गेलो. काचेमागे एक पोरगी, बोलणं अगदी मधाचं. म्हटलं, बाई, मी शाळा पाहिलेली नाही, आडवळणानं सांगू नका, विमान निघतं कधी नि पोचतं कधी? म्हणाली, “आजोबा, सकाळी सातला निघतं, त्याच सकाळी नऊला उतरतं.”

दोन तास! आता तुम्हीच सांगा, दोन तासांत माझ्या हातून एक वाकडं रिम धड सरळ होत नाही, आणि ही लेक दोन तासांवर राहून चार वर्षं आली नाही? नात दोन वर्षांची झाली, मी तिला फोनच्या काचेतच पाहिलेली. ती माझ्या मिशीला धरायला जाते नि तिचं बोट लागून फोनच बंद पडतो... आणि म्हणे दोन तास! पोरगी मागून आजोबा थांबा, ऐकून तर घ्या, करत होती. कोण थांबतंय!

भर दुपारी घरी येऊन फोन लावला. लेकीचा आवाज झोपेत बुडालेला, बाबा, बरं आहे ना सगळं? म्हटलं, बाराला झोपा काढतेस, दोन तासांवर राहतेस, आणि बापाला लांब लांब म्हणून फसवतेस? ती मुसमुसायला लागली. मी ठेवला फोन. ठेवला खरा, पण वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. दोन तास, दोन तास... डोक्यात नुसती टिकटिक.

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या. त्यांचा धाकटा भाऊ तिकडेच असतो. सगळं ऐकून हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा, नुसते ओठ दाबले. म्हणाल्या, तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं. म्हटलं, मागे पडत असेल तर सेल बदलावा! मग त्यांनी बाळाला भरवतात तसं घास घास करून समजावलं. विमानात बसायचं चौदा तास, पण तिथलं घड्याळ बारा तास मागे, म्हणून दिसायला उरतात दोन. मला अर्धंच कळलं. पण पोरीला मी मध्यरात्री उठवून रडवलं, हे मात्र पुरतं कळलं हो.

पुन्हा फोन लावला. म्हटलं, “चुकलं गं माझं.” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही या. मग समोरासमोर भांडू.”

फोन ठेवला नि वहिनींना म्हटलं, चौदा तास म्हणजे लांबच की, माझ्याच्यानं कसं व्हायचं? तिनंच यावं हे बरं. त्यांनी बोटांवर हिशेब केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

“भाऊजी, इकडे येताना घड्याळ पुढे पळतं. ती शनिवारी रात्री निघाली तर इथे पोचेपर्यंत रविवारची मध्यरात्र होते. म्हणजे तिला माहेर दिवसभराच्या वर लांब, आणि तुम्हाला लेक दोन तासांवर. आता चार वर्षं कोण कोणाकडे गेलं नाही, ते तुम्हीच सांगा.”