आकारामच्या अंगावरचा झगा

व्हय, देतो की मत, न्हाई कुठं म्हणतोय — पण रेश्माताई, आधी मला सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर? जो आपलं सगळं उघडं मांडतो त्याच्यावर, का जो झाकून ठेवतो त्याच्यावर? बसा, बसा — त्या घुंगरांच्या पोत्यावर नको, हिकडं. चहा सांगितलाय. मोबाईलवरल्या गेमच्या ग्रुपवर भांडणं लागली म्हणून तुमी तासगावहून एसटीनं कराडला आला, एकेकाला गाठून मत इचारताय, ह्याचं मला कौतुक हाय. एकमेकांची हत्यारं-कपडे दिसायची सोय चार जण म्हणतात चालू ठेवा, चार म्हणतात बंद करा, नि नववा मी. म्हंजे निकाल ह्या बैलांच्या साजाच्या दुकानात लागायचा म्हणा की!

तर माझं म्हणणं — बंद. गेममधी कुणाच्या बी नावावर बोट ठेवलं की त्याची तलवार दिसती, चिलखत दिसतं, कुणी घडवलं, कुणी दिलं, समदं दिसतं. कशाला पायजे? आता बघा, बेंदूर, बैलांचा सण, आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसती. मागल्या साली तात्याबा आला, हळूच म्हणतो, चांदसाहेब, तानाजीनं कसली झूल नेली तेवढं सांगा, दुप्पट देतो. मी म्हणलं, मिरवणुकीत बघा. तीस वर्सं झाली, एकाचा साज दुसऱ्याला सांगितला न्हाई. म्हणून तर समदी हितंच येतात. शाळा सातवीपतूर, पण एवढं कळतं — माणसानं दुसऱ्याच्या अंगावर काय हाय ते बघितलं, की त्याला स्वतःच्या अंगावरचं दिसायचं बंद होतं.

मी? छ्या! मी न्हाई बघत कुणाचं. मला काय करायचंय. त्या नव्या फौजी आकारामकडं निळा झगा असंल न्हाईतर पिवळा, कडेला चांदीची पिसं असतील, एकशेचाळीस — न्हाई, मोजली न्हाईत, मीच लावलीत ती. तीन म्हयने लागले, ताई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गेममधी एकेक पीस गोळा करायचो. रिजवानसाठी. रिजवान म्हंजे माझा दोस्त, पहिलीपास्नं एका बाकावर. आता खंडाळ्याला कंपनीत हाय, येणंजाणं न्हाई, तवा रोजची भेट ती गेममधीच. त्याला दिला झगा. नि पंधरा दिसांमागं सहज — सहजच हां — आकारामच्या नावावर बोट पडलं. ‘घडवणारा चांदसाहेब, देणारा रिजवान.’ माझंच नाव, नि अंग त्या फौजीचं!

चार म्हयने न्हाई झाले त्याला गेममधी येऊन. पेन्शनीत निघाला, सांगलीत बसून मिशीला पीळ देत जोक सांगतो, नि आमचा रिजवान माइकवर खी खी खी. मी तेच जोक सातवीत सांगितल्यात. कुणी दिलेली झूल दुसऱ्याच्या बैलावर चढवत न्हाईत, ताई. आमच्या गिऱ्हाइकांतलं अडाणी माणूस बी चढवत न्हाई.

काय म्हणता? आकाराम नवखा, दर लढाईत मरत हुता म्हणून दिला? मरू दे की! मी काय मरत न्हवतो? मला कुणी झगा दिला? — व्हय, टोप दिला रिजवाननं. तांब्याचा. दिला, न्हाई म्हणत न्हाई. पण तो मी ठेवलाय पेटीत. पंधरा दिस झाले, घालत न्हाई.

आँ? रिजवानला ठावं हाय? कसं काय?

...रोज बघतो? माझ्या नावावर बोट ठिवून? मी टोप घातलाय का न्हाई ते रोज बघतो, नि म्हणून त्यानं मत चालूला दिलं? असं म्हणला तो? नि मला एका शब्दानं बोलला न्हाई — पंधरा दिस! अन् मी हिकडं त्या फौजीची पिसं मोजत बसलोय.

घ्या, चहा घ्या, साय धरली त्यावर.

लिवा. चालू. व्हय, चालू, काय बघताय! बदललं मत, व्यापाऱ्याचा शब्द चहा संपेपतूर बदलतो. टोप चढवतो आजच. रिजवानसाठी न्हाई हां — आकाराम तो झगा कवा उतरवतो ते बघाय नको का मला? बंद केल्यावर कुठनं बघू?

नि ताई, मतं खरी मोजा. माझं एकच धरा, नि बंद म्हणलेलं खोडून टाका. आकारामचं बी एक पुरतं धरा — मला आवडत न्हाई म्हणून अर्धं करू नका. हां, या आता. गिऱ्हाईक आलंय.