पृथ्वीचं वय आणि शीलवंतरावांची लेक

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. देवाचा शब्द खरा ठरवायचा असेल, तर घरातल्या माणसाला खोटं ठरवावंच लागतं का?

लगेच माना हलवू नका! मान हलवणं फार सोपं काम आहे. ज्यांची कथा सांगतोय ना, त्या शीलवंतरावांनी अशीच मान हलवली आणि आठवडाभर त्यांना झोप नाही लागली.

हे शीलवंतराव चक्रनारायण म्हणजे गोदावरीकाठच्या मोरकुंड गावचे शिंपी. पंचक्रोशीत त्यांच्या हाताची शिलाई प्रसिद्ध. चर्चच्या पाळकांचा झगा तेच शिवायचे, नवरदेवाचा कोटही तेच. माणूस असा, की दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायचा नाही. बोलणंही तसंच! "बघू", "बहुतेक", "असेल बुवा" — यापलीकडे ठाम शब्द नाही. तरी लोकांनी त्यांना चर्चच्या मंडळीचे पंच केलं. का? कारण ते कुणाशी भांडत नसत. आपल्याकडे पंच व्हायला एवढी पात्रता पुष्कळ झाली!

त्यांना एकच लेक, अनुग्रहा. घरी सगळे अनू म्हणत. लहानपणी शास्त्रवचनांच्या स्पर्धेत दरवर्षी पहिली. पुढे शिकली, पुण्याला गेली आणि कॉलेजात भूशास्त्र शिकवू लागली. भूशास्त्र म्हणजे दगडमातीचं शास्त्र. शीलवंतराव गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची अनू दगड वाचते." गिऱ्हाईक विचारायचं, "दगडात काय लिहिलेलं असतं?" त्यावर शीलवंतराव म्हणायचे, "असेल बुवा काहीतरी."

आता घडलं असं. मोरकुंडच्या चर्चशेजारी सभागृह बांधायचं ठरलं. नदीकाठची मऊ माती, म्हणून खांबांसाठी खोल खड्डे खणले. एका खड्ड्यात मजुराची पहार कशावर तरी अडकली. माती बाजूला केली, तर हाड! साधंसुधं नव्हे, माणसाच्या मांडीएवढं जाड आणि दगडासारखं जड. चौघांनी मिळून वर काढलं.

पाळक होते रेव्हरंड प्रबोध आढाव. तरुण, गोड गळ्याचे, आणि मनाने सोन्यासारखे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांचा राग येईल तुम्हाला. येऊ देऊ नका. शीलवंतरावांची बायको मार्थाबाई आजारी पडली होती, तेव्हा या माणसाने स्वतःचं रक्त दिलं होतं आणि महिनाभर तालुक्याच्या दवाखान्यात खेपा घातल्या होत्या. तर पाळकांनी हाड पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हा नोहाच्या जलप्रलयात बुडालेला प्राणी. पवित्र शास्त्राचा पुरावा देवाने आपल्याच अंगणात ठेवला होता.

झालं! हाड धुतलं, शाल पांघरून वेदीजवळच्या टेबलावर ठेवलं. आसपासच्या गावांतून माणसं येऊ लागली. कुणी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. एका आजीबाईंनी हात जोडून मेणबत्ती लावली, तेव्हा पाळकांना धावत जाऊन ती विझवावी लागली. "आजी, हे हाड आहे, प्रभू नाही." आजी म्हणाल्या, "असू दे, जुनं आहे ना?" हसता काय? आपल्यालाही जुन्या वस्तूसमोर हात जोडायची सवय आहेच की!

त्याच आठवड्यात अनू हंगामाच्या सणाला, म्हणजे नव्या पिकाच्या उपकारस्तुतीला, घरी आली. उपासनेनंतर पाळकांनी मोठ्या कौतुकाने तिला पुढे बोलावलं. आपल्या मंडळीची लेक, दगडांची जाणकार, तिने हाडाबद्दल दोन शब्द सांगावेत. अनूने शाल बाजूला केली. हाड वळवून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, की हा जुन्या काळचा हत्ती असावा. नदीच्या गाळात पुरला गेला. नक्की वय तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण दहा-वीस हजार वर्षांचा तरी असेल.

पाळकांनी हसून विचारलं, "पण बाई, आदामापासूनच्या पिढ्या मोजल्या तर पृथ्वीलाच सहा हजार वर्षं होतात."

अनू हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, या गाळाखाली जो काळा दगड आहे, तोच साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आणि पृथ्वी त्याहून कितीतरी म्हातारी."

पेटीवाल्याचा भाता उघडा राहिला होता, त्यातून वारा गेला तेवढाच आवाज.

संध्याकाळी पंच बसले. कुणी म्हणालं, सभागृहाच्या आधी मंडळीच फुटेल. कुणी म्हणालं, आज पृथ्वीचं वय खोटं म्हणाली, उद्या प्रभूचं पुनरुत्थान खोटं म्हणेल, मग आपण कशाच्या आधारावर जगायचं? मंडळी, ही भीती खोटी नव्हती बरं! ज्यांच्या आज्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं, त्यांना देवाच्या या शब्दाने ताठ उभं केलं होतं. त्यातलं एक पान ढिलं झालं तर सगळं पुस्तक सुटेल, असं वाटणारच. शेवटी ठरलं, की अनूने पुढच्या रविवारी प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याआधी, उभं राहून म्हणावं, मी बोलले ते चुकीचं होतं. नाही म्हटलं, तर तिने भाकर-प्याला घ्यायचा नाही. पाळकांनी सगळ्यांकडे पाहिलं. पंचांनी माना हलवल्या. शीलवंतरावांनीही हलवली! आणि लेकीला हे सांगायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

आता गंमत बघा. त्यांना लेक चुकली असं वाटत होतं का? नाही. बरोबर आहे असं वाटत होतं का? तेही नाही! शिलाईचं मशीन सुरू करायचे आणि दोरा ओवायला विसरायचे. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

घरी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून बसले. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस. बरं. पण सूर्य तर चौथ्या दिवशी निर्माण केला! मग आधीच्या तीन दिवसांत सकाळ कशाने झाली? पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. सूर्याशिवाय दिवस करणं देवाला अवघड आहे का? नाही. मग साडेसहा कोटी वर्षं लावून दगड करणं अवघड आहे का? तेही नाही. मग कुठे गेले शीलवंतराव? जिथून निघाले होते तिथेच!

(साकी)
दिवस किती ते, युगे किती ती, कोण मोजितो सारे ।
काल जन्मलो, आज विचारी, कधी उगवले तारे ॥

शेवटी एसटी पकडून तालुक्याला गेले. तिथे निवृत्त पाळक जयवंतराव राहत. यांनीच शीलवंतरावांचा बाप्तिस्मा केला होता, यांनीच लग्न लावलं होतं. म्हटलं, म्हातारा एक काय ते सांगून टाकेल. म्हाताऱ्याने काय केलं? चार सांगितलं! म्हणाले, काही भाविक लोक दिवस म्हणजे चोवीस तासच मानतात. काही म्हणतात, देवाला हजार वर्षं कालच्या दिवसासारखी, तेव्हा तो दिवस म्हणजे एक युग. काहींच्या मते पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मधेच अफाट काळ लोटला. आणि काही म्हणतात, हे स्तुतिगीत आहे. कुणी केलं ते सांगतं, कधी केलं ते सांगायला लिहिलेलंच नाही. या चौघांनाही मी गुडघे टेकताना पाहिलंय.

"आणि तुम्ही, पाळकसाहेब? तुम्ही काय मानता?"

"मी? तरुणपणी पहिलं मानायचो. मग दुसरं. मधे एकदा चौथं. हल्ली दुपारी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं."

एक गाठ घेऊन गेलेला माणूस चार गाठी घेऊन परत आला.

शनिवारी दुकानातच त्यांनी लेकीला पंचांचा निरोप सांगितला. तिच्याकडे न पाहता, हातातल्या कापडाकडे पाहत. अनूने ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, मी चुकले नाही असं मला वाटतंय. तरी चुकले म्हणाले, तर ते देवासमोर खोटं होईल. खोटं बोलून मग भाकर कुठल्या तोंडाने घेऊ?"

शीलवंतरावांनी कापड उलटंसुलटं करून पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

"मला कळत नाही गं, अनू."

"मग हेच सांगायचं होतं ना त्यांना."

"पंचाने कळत नाही असं कसं म्हणायचं?"

मार्थाबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, की तुमच्या कोटी न् हजाराचं मला सांगू नका. लेक घरी आलीय आणि तुम्ही तिला ताटावरून उठवताय. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि घरातली सगळी भांडी जरा जास्तच जोरात वाजली.

रविवार उजाडला. अनू बायकांच्या बाजूला, अगदी शेवटच्या बाकावर बसली. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं, वाट पाहिली. ती उठली नाही. पाळकांचा चेहरा पडला. त्यांनाही हे नकोच होतं हो! पण ठरलेलं ठरलं. उपासना पुढे चालू झाली. भाकरीचं ताट फिरवायचं काम त्या दिवशी शीलवंतरावांकडे. ते ताट हातात घेऊन उभे राहिले, आणि पाळकांनी नेहमीचा इशारा दिला, की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, मगच भाकर खावी.

मंडळी, हा इशारा आपण किती वेळा ऐकतो! आणि परीक्षा कुणाची करतो? शेजाऱ्याची! पण त्या दिवशी शीलवंतरावांनी खरोखर स्वतःची केली. आत डोकावले, तर आत काय? नुसता गोंधळ. सहा दिवसही नाहीत, साडेसहा कोटी वर्षंही नाहीत. आणि हाच माणूस पंच म्हणून दुसऱ्याला दोषी ठरवून आलेला.

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं.

"पाळकसाहेब, माफ करा," ते म्हणाले. "मी मान हलवली, पण मला यातलं काहीच पक्कं माहीत नाही. तिची चूक आहे की नाही, हेसुद्धा नाही. जिला खात्री आहे तिला भाकर नाही, तर ज्याला कसलीच खात्री नाही, त्याला ती कशी चालेल?"

आणि चालत गेले. कुठे? बायकांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर! मोरकुंडच्या इतिहासात तिथे पुरुष कधी बसला नव्हता. दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावरचे पदर सावरले. शीलवंतराव लेकीच्या शेजारी बसले आणि खाली बघत राहिले.

आता तुम्हाला वाटत असेल, एकेक करत सगळी मंडळी मागे जाऊन बसली. नाही! कुणीसुद्धा हललं नाही. दुसऱ्या पंचाने ताट उचललं, भाकर फिरली, प्याला फिरला. मागच्या बाकापर्यंत आला नाही. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, लोक घरी गेले. बाहेर शीलवंतरावांशी कुणी बोललं नाही. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं, आपण शूरपणा केला की मूर्खपणा. वाटेत दोनदा लेकीला विचारलं, "मी बरोबर केलं का गं?" ती म्हणाली, "मला नाही माहीत, बाबा," आणि त्यांचा हात धरला.

दुपारी मार्थाबाईंनी वाढायला घेतलं. ताटं भरलेली तशीच होती. इतक्यात दारात मोटरसायकल थांबली. पाळक! अंगावर अजून पांढरा झगा, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

ते दारातच उभे राहिले. म्हणाले, सकाळपासून अन्नाला शिवलो नाही. ताटात दोन तुकडे उरले होते, ते काही केल्या नजरेसमोरून जाईनात.

"अनूबाई, माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "सहा दिवस म्हणजे सहा दिवस. पण प्रभूने त्या शेवटच्या रात्री मेजावर कुणालाही पृथ्वीचं वय विचारलं नाही. जो शिष्य त्याला शत्रूंना विकणार होता, त्यालाही घास दिला. आणि मी तुम्हाला मागे बसवलं."

अनू म्हणाली, "माझंही मत बदललेलं नाही, पाळकसाहेब."

"ठाऊक आहे. आत येऊ का?"

आणि मार्थाबाईंच्या स्वयंपाकघरात, भाजीच्या पातेल्याशेजारी, पाळकांनी भाकर मोडली. शीलवंतरावांनी तुकडा घेतला तेव्हा त्यांना रडू आवरेना. कशाचं रडू, तेही त्यांना सांगता येईना. मार्थाबाईंनीही हात पुढे केला. पाळक म्हणाले, तुम्ही सकाळी घेतली होती ना? त्या म्हणाल्या, "घेतली होती, पण ती गोड नाही लागली."

पुढे काय झालं म्हणता? जेवण आटोपायच्या आतच पाळक आणि अनू यांचं चौथ्या दिवसाच्या सूर्यावरून जुंपलं! पार चहापर्यंत. पाळक बोलले की शीलवंतरावांना पाळकांचं पटायचं, लेक बोलली की लेकीचं. शेवटी ते उठले आणि आणखी चहा टाकायला गेले.

पुढच्या रविवारी पाळकांनी सगळ्यांसमोर अनूची क्षमा मागितली. सगळ्यांना ते रुचलं नाही. एक चांगलं घर मंडळी सोडून गेलं, ते परत आलंच नाही. पाळकांना त्याचं शेवटपर्यंत दुःख राहिलं. सांगणारा मी खोटं गोड करून सांगणार नाही. आणि शीलवंतराव? त्यांना पृथ्वीचं वय अखेरपर्यंत कळलं नाही. देवाघरी गेले, तिथे विचारलं असेल, तर त्यांनाच ठाऊक.

मंडळी, मला विचारू नका! मी कीर्तनकार, मला या टाळांचं वय ठाऊक नाही, तर पृथ्वीचं काय सांगू? अभ्यास करा, वाद घाला, खुशाल घाला. शब्द देवाचा आहे, तुमच्या वादाने तो झिजणार नाही. पण माणूस झिजतो हो! तुमच्यात ज्यांना पक्की खात्री आहे, त्यांना विचारतो: त्या खात्रीपायी कुणाला ताटावरून उठवलंत? लेकीला, भावाला, सुनेला? आणि ज्यांच्या पोटात नुसता गोंधळ आहे, तरी जे चारचौघांत मान हलवतात, त्यांना विचारतो: कुणाच्या शेजारी जाऊन बसायचं राहून गेलंय?

आज घरी जाल. ते ताटावरून उठलेलं माणूस कुठे राहतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी तिकडे जा. जेवण मागाहून.

त्या देणाऱ्या हाताची कृपा आपल्या सगळ्यांवर राहो. आमेन.