भुरी नोहे ते

—हां, तेच पान. पलटव, माय. मले आता बरोबर दिसत नाही, तूच सांग, रत्नमाला. पांढरं-पांढरं दिसून राहिलं? पीठ भुरभुरल्यावानी? अन् ओलं? — दवाचं असंन. सारं अड्याळ त्याले भुरीच म्हनते, म्हनू दे. भुरी वांग्याच्या पानाले लागते. हे पानाले नाही, कोळ्याले लागलं — तो लाल ठिपक्याएवढा, पानाखाली जाळं विनते अन् रस पिते, तो. बोट फिरव बरं. चालते काय एखादा? नाही न! मेले, चिकटून मेले. त्यायलेच बुरशी धरली. मेलेल्यापासून जित्याले लागते, गुपचूप पसरते — कधी कधी मलेच भेव लागते पाहून. पन वांग्याची वाडी वाचते तं त्याच्यानंच. म्हनून मी हात लावत नाही. भुरीचं औषध मारलं तं मरते कोन? हे बुरशी. कोळी राहाते तसाच, मंग ऊन तापलं का जाळंच जाळं, झाड उभ्याउभी वाळते... वास कायचा येऊन राहिला? बाजूच्या इश्वरच्या वावरातून असंन.

हसू नको, बाई. बुढा वांग्यासाठी जीव टाकते म्हनशीन. वांग्यासाठी नाही — प्रविण म्हनला न, बाबा, औंदा वाडी पिकली तं राहू, नाही तं नागपूरले खोली करू. म्हंजे तुमी दोघं अन् लेकरू. मी म्हनलं, बरं. काय म्हनू? तुही सासू गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी मले बरं वाटते, कोनीतरी आहे म्हनून — जाऊ दे, तुले कायले सांगून राहिलो.

बस न बांधावर. फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन काहून उभी? उतरव. दे इकडं... हलका लागून राहिला. रिकामा?

कोनत्या ओळी झाल्या? — साऱ्या?

रडू नको, माय. तुले काय माहीत! भुरी दिसली, भुरीचं औषध मारलं, कोनीबी मारते. दुकानवाल्यानं देल्लं असंन... नाही? घरातच होतं? प्रविणनं आनून ठेवलं — त्यानंच सांगतलं, सकाळीच मार म्हनून?

परवा त्याले याच झाडापाशी आनलं होतं मी. असंच पान पलटवून दाखवलं. तुले सांगतलं तसंच सारं सांगतलं. मान डोलवली, गेला.

...

जा तू घरी. लेकरू उठलं असंन. अन् त्याले काही विचारू नको.