न पाठवलेल्या लेखाचे आभार

तोकुशिगे : ...म्हणजे माझा नवा लेख तुला पोचला?

नागुमो : पोचला ना, सर. लगेच आभाराचं कार्डही टाकलं मी.

तोकुशिगे : तेच हातात घेऊन बसलोय. "विवेचन मनाला भिडलं, पुन्हा एकदा सावकाश वाचेन." पुन्हा, बरं का. सुमिए, याला लेख धाडला होतास?

सुमिए : अहो, सांगितलं ना, पाकिटं संपली. नागुमोंची प्रत खणातच पडलीय. चहाबरोबर हे गोड योकान कापू का? त्यांनीच आणलंय.

तोकुशिगे : थांब. आधी हिशेब होऊ दे. खणातला लेख याच्या मनाला भिडला कसा?

नागुमो : विभागात हायाशिदांच्या टेबलावर त्यांची प्रत दिसली, सर. वाटलं, माझीही टपालात असेल. कार्डाला उशीर झालेला तुम्हाला चालत नाही.

तोकुशिगे : आणि वाचायला उशीर झालेला?

नागुमो : ते आजवर कुणी विचारलं नाही.

तोकुशिगे : उद्या विभागाची बैठक आहे. मी निवृत्त झाल्यावर माझ्या खुर्चीवर तू बसावंस, असं सांगणार होतो. आता तुझ्या पंचवीस वर्षांच्या सगळ्याच कार्डांचा संशय येतोय. माझं किती वाचलंस? खोटं बोललास तर मला कळतं.

सुमिए : आजवर कुठं कळत होतं.

नागुमो : गेल्या दहा वर्षांतलं काहीच नाही, सर.

(सुमिए योकान कापायला घेते.)

तोकुशिगे : त्याआधीचं?

नागुमो : तुमचा पहिला लेख. प्रवासी भिक्षूंच्या रोजनिशांवरचा. निम्मे भिक्षू घराबाहेर पडलेच नव्हते, डोंगर नि समुद्र सगळं शेगडीपाशी बसून लिहिलं, असं तुम्ही दाखवलंत. तो वाचून मी कोबेच्या बँकेतली नोकरी नाकारली.

तोकुशिगे : कुणाकडून तरी ऐकून आला असशील.

नागुमो : विचारून बघा.

तोकुशिगे : होडीवाल्या भिक्षूला मी कशावरून पकडलं?

नागुमो : ओहोटीवरून. त्याची होडी पहाटे निघते. आणि त्या पहाटे बंदरात नुसता चिखल होता.

तोकुशिगे : हं.

सुमिए : नागुमोंची प्रत आणू? आता तरी देऊन टाका.

नागुमो : द्या काकू. आज रात्रीच वाचतो.

तोकुशिगे : राहू दे ती खणात. उद्या दहाला विभागात ये, मी सांगतो त्यांना.

नागुमो : पण लेख, सर?

तोकुशिगे : नको वाचूस. त्यात मी सगळ्या भिक्षूंवर विश्वास ठेवलाय.