टोपीच्या आतले बाण

शरच्चंद्र : पॉइंट तू घासलेस, प्लग नवे टाकलेस, तरी काल ट्रकच्या पुढे काढताना गाडी बंद. त्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज तुझ्या गॅरेजात उभा आहे, सुधाकर.

सुधाकर : बसा तर खरं, साहेब. बँकेतून रिटायर झाले, उभ्यानं झापायची आदत नाही गेली. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून बघतो... हे आत कोणी लिहिलं?

शरच्चंद्र : मीच, मागच्या हप्त्यात. तुझ्या माणसानं प्लगच्या तारा उलटसुलट लावल्या होत्या ना. म्हणून आकडे टाकले. एक, मग तीन, चार, दोन. बाण पण काढले.

सुधाकर : पेन्सिलनं?

शरच्चंद्र : बॉलपेन उमटत नाही त्यावर.

सुधाकर : पेन्सिलीच्या रेघेवरून करंट पळतो, साहेब. एका प्लगच्या खिळ्याचा दुसऱ्याच प्लगच्या खिळ्याला जातो. हवा कोरडी असली तर चालून जातं. आजच्यासारखी ओल धरली, की चालत्या गाडीत इंजिन बंद. केव्हा, ते सांगता येत नाही.

शरच्चंद्र : पुसून टाक मग.

सुधाकर : रेघ जळून आत बसली आहे. टोपीच बदलू, आहे माझ्याकडे. तुमचा चेहरा का उतरला?

शरच्चंद्र : अपूर्वाच्या गाडीत पण लिहिलं.

सुधाकर : ताईंच्या? केव्हा?

शरच्चंद्र : आज सकाळी. तिची पण फियाट. माझी काल बंद पडली, वाटलं तारांचाच घोळ. जावईबापू टूरवर, इंदूरला घरी परत जाताना पोरगी एकटी चालवणार. ती आंघोळीला गेली तेवढ्यात सगळं सुबक काढून दिलं.

सुधाकर : सुरू झाली गाडी?

शरच्चंद्र : एका सेल्फमध्ये. फाटक मीच उघडलं.

सुधाकर : किती वाजता?

शरच्चंद्र : अकरा. तिच्या लहानग्या चिनूला मागच्या सीटवर झोपवलं होतं.

सुधाकर : तीन वाजले, साहेब. इंदूरला पोचल्याचा फोन?

शरच्चंद्र : मी घरून निघेपर्यंत नव्हता. म्हटलं, विसरली असेल.

सुधाकर : नंबर सांगा. बाजूच्या पीसीओवरून लावतो.

(काही वेळानं.)

सुधाकर : घंटी जाते, कोणी उचलत नाही. तुमच्या घरी पण लावला. वहिनी म्हणाल्या, नाही आला.

शरच्चंद्र : तिला काय सांगितलंस?

सुधाकर : काही नाही. चला, माझ्या जीपमध्ये बसा.

शरच्चंद्र : बंद पडली तरी बाजूला घेऊन उभी राहिली असेल. हुशार आहे ती.

सुधाकर : हो. तुम्ही रस्त्याची कड बघत चला. पुलांखाली मी बघतो.