भेटीच्या कागदावरची सही

“वसुलीवाला आला तर दार तू उघडू नकोस, ताई. मी बोलतो त्याच्याशी,” असं धाकटा भाऊ नेहमी बजावायचा. बसथांब्यावर वसुलीवाल्यानंच हाक मारली, तेव्हा शिवणवाल्या ताईंना ते आठवलं.

“ताई, काल घरी येऊन गेलो.”

“काल मी दिवसभर दुकानात होते.”

“भाऊ होते की! दार त्यांनीच उघडलं.”

“काय म्हणाला?”

“शेवटचा हप्ता ताई उद्या कचेरीत भरेल, तिला त्रास देऊ नका, म्हणाले. आवाज फार बसलाय हो त्यांचा.”

“दादा, तो वारला. महिना झाला.”

“चेष्टा करता का गरिबाची? ही बघा, कालच्या भेटीच्या कागदावर त्यांची सही.”

नावाखाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. सही त्याचीच होती.

“त्यानं शब्द दिलाय ना, मग भरते,” ताई हळूच म्हणाल्या. आलेली बस त्यांनी जाऊ दिली आणि शिलाईच्या पैशांची पिशवी छातीशी धरून त्या कर्जाच्या कचेरीकडे चालू लागल्या.